ओ देणारं घर

ठकी झोपली आहे. तिची झोप कचेरीतल्या साहेबांसारखी असते. आत्ता तर खुर्चीवर होते, म्हणेपर्यंत नसतात. तेव्हा इकडचं तिकडचं न सांगता मुद्द्यावर येते. मुद्द्यावर येणं आमच्या घरात आजवर कोणाला जमलेलं नाही, पण प्रयत्न करायला हरकत नसावी.

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून असं म्हणतात. म्हणणाऱ्याने तिसरी गोष्ट सोयीस्करपणे वगळली आहे. मूल कडेवर घेऊन पाहावं अर्ज भरून.

सगळा घोटाळा त्या अर्जातल्या एका शब्दापायी झाला. समुद्राकाठच्या आमच्या जागेवर लाकडी घर बांधायची परवानगी मागताना मी लिहिलं होतं, 'सदर घर भोवतालच्या निसर्गाला प्रतिसाद देईल.' हे वाक्य लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं आणि आपल्याच अक्षराकडे कौतुकाने पाहिलं. ठकी होण्याआधी मी एका मोठ्या कचेरीत घरांचे आराखडे काढत असे. घरांचे म्हणायचं आपलं. प्रत्यक्षात उंच उंच इमारतींचे संडास माझ्या वाट्याला यायचे. संडासाचं दार आत उघडावं की बाहेर, या विषयावर माझा शब्द अखेरचा मानला जाई. पण अख्खं घर, छपरासकट, स्वतःच्या हाताने काढायची ही पहिलीच वेळ होती. ठकीनंतर हातात पेन्सिल धरलीच नव्हती. धरली असती तरी तिने ती खाल्ली असती.

खिडकीमागच्या साहेबांनी ते वाक्य वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"मॅडम, प्रतिसाद म्हणजे?"

"म्हणजे घर आजूबाजूला बघून वागेल. वारा आला तर त्याला वाट देईल. वाळू आली तर तिला खालून जाऊ देईल."

"ते ठीक. आवाज करेल का?"

"आवाज कशाला करेल?"

"प्रतिसाद म्हटलं की आवाज आला. आता मी तुम्हाला मॅडम म्हटलं, तुम्ही काय म्हणून प्रतिसाद दिलात, झाला की नाही आवाज? आवाज करणारं बांधकाम आमच्याकडे येत नाही. भोंगे, घंटा, गिरण्या, सगळं वरच्या मजल्यावर."

वरच्या मजल्यावर गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, "घर ना? घरं खाली." खाली आले तर साहेब चहाला. ते चहाहून परतले तर ठकीने त्यांच्या खिडकीतली शिक्क्याच्या शाईची गादी हस्तगत केलेली. शेवटी मी साध्या कागदावर लिहून दिलं की सदर घर कोणत्याही प्रकारचा आवाज करणार नाही. खाली सही केली. सहीशेजारी ठकीने जांभळा पंजा उमटवला. साहेब पंजाकडे बघून म्हणाले, "असू दे. साक्षीदार." आमच्या सगळ्या प्रकरणात त्यांचं हे एकच वाक्य मला मनापासून आवडलं.

आता माणसं सांगते, म्हणजे पुढे घोळ नको. जागा सासऱ्यांनी घेऊन ठेवलेली. ते गेले, घर बांधायचं राहून गेलं. सासूबाई आमच्याकडे, बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. मोठे भाऊजी, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, सिमेंटचे व्यापारी. भाऊजींचा सिमेंटवर जो विश्वास आहे तो लोकांचा देवावर नसतो. लाकडाचं घर म्हटल्यावर ते सोफ्यावर मागे टेकले आणि शांतपणे म्हणाले, "लाकूड पेटतं. लाकूड कुजतं. लाकडाला वाळवी लागते. आणि ज्याला यातलं काहीच होत नाही ते लाकूड तरंगतं. एक दिवस घर शोधायला होडी घेऊन जाल."

नवरा म्हणाला, "दादा, हिने सगळा विचार केलाय."

"विचार केलाय हेच तर म्हणतोय. सिमेंटला विचार करावा लागत नाही."

निवाडा सासूबाईंकडे गेला. त्यांनी मटार सोलता सोलता दिला. "दोन्ही मुलं माझीच. तिला हौस आहे तर बांधू दे लाकडाचं. मी आठवडाभर राहून बघेन. मन रमलं तर मुक्काम तिथेच. नाही रमलं तर मोडा ते आणि याच्या सिमेंटचं बांधा."

'मोडा ते.' मटाराचं फोलपट टोपलीत टाकावं तशा सहज त्या म्हणाल्या. मी त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, "अजून पाया नाही आणि मोडायची बोली झाली." तो म्हणाला, "हं." मोबाइलमध्ये होता.

हे 'हं' महत्त्वाचं आहे, कारण सासूबाईंचं सगळं दुःख त्यात होतं. त्यांची एकच तक्रार असे. या घरात हाक मारली तर कोणी ओ देत नाही. मुलगा 'हं' म्हणतो. सून 'आले आले' म्हणते आणि येत नाही. नात तर मान वर करून बघतही नाही. सासरे म्हणे कुठेही असोत, एका हाकेत ओ द्यायचे. गच्चीवरून, न्हाणीतून, जिन्यातून. "दाढीचा फेस तोंडात गेला तरी चालेल, पण ओ आधी," असं सासूबाई सांगायच्या आणि मग उगाच पदराने टेबल पुसायच्या, टेबल स्वच्छ असलं तरी.

ठकीचं मात्र आम्हालाही मनातून खुपत होतं. तिच्याएवढी मुलं खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारत होती. खालच्या मजल्यावरचा एक विद्वान तर कविता म्हणायचा. आमची ठकी सगळं बोट दाखवून भागवायची आणि हाकेला ढिम्म. डॉक्टरांनी कान तपासले. "ऐकू अगदी उत्तम येतं. मनात आलं की बोलेल." मनात आलं की, हे वाक्य मी तिच्या वडिलांबद्दल आधी ऐकलेलं असल्याने मला त्यात फारसा दिलासा वाटला नाही. रात्री तिला थोपटताना मी हळूच नाव घेऊन बघायची. ती माझं नाक धरायची. प्रेमळ उत्तर होतं, पण मला ऐकायचं होतं ते नव्हे.

तर घर. जागेवर एक झाड आहे, समुद्राच्या वाऱ्याने जमिनीकडे वाकवलेलं, एका अंगाला सगळे केस विंचरल्यासारखं. भाऊजी म्हणाले, तोडा. शेजारचे कप्तान म्हणाले, त्याला दोर बांधा, डोलकाठी होईल. कप्तान हे त्यांचं टोपणनाव. खाडी ओलांडणाऱ्या बोटीवर त्यांनी जन्मभर तिकिटं फाडली, पण चालणं, बोलणं आणि मिशा कप्तानाच्या. ते रोज सकाळी येत, मी वाळूत खुंट्या ठोकत असताना दुर्बिणीतून माझ्याकडे बघत. मी त्यांच्यापासून चार हातांवर असे.

"घर नव्हे, जहाज बांधताय तुम्ही," ते म्हणत. "खिडक्या गोल करा."

"पडदे कसे लावू गोल खिडकीला?"

"जहाजाला पडदे नसतात."

"आंघोळीच्या खोलीला लागतात."

यावर ते दुर्बीण क्षितिजाकडे वळवत.

मी झाड तोडलं नाही आणि डोलकाठीही केली नाही. ओसरीच्या फळ्यांना झाडाच्या खोडाएवढं भोक पाडलं आणि झाडाला मधून वर जाऊ दिलं. घर खांबांवर उचललं, म्हणजे वाळू, भरतीचं पाणी आणि खेकडे आपापल्या कामाला खालून जातील. लाकडाला रंग द्यायचा नाही असं ठरवलं. खारा वारा त्याला हळूहळू चंदेरी करतो, आणि चंदेरी व्हायला पैसे मोजणारे लोक मी शहरात पाहिले आहेत. खिळ्यांच्या जागी पितळी स्क्रू, कारण लोखंड तिथे बिस्किटासारखं विरघळतं. छपराच्या उताराबद्दल पाहुण्यांना नवरा सांगतो की तो वाऱ्याच्या सखोल अभ्यासातून आला आहे. अभ्यास ठकीचा. काड्यापुठ्ठ्याचा नमुना करून मी टेबलाखाली ठेवला होता, त्यावर ती बसली. एक बाजू समुद्राकडे दबली. मी रडवेली होऊन उचलला तर काय, छपराची रेघ आणि त्या वाकड्या झाडाची रेघ एक. मी गुपचूप आराखडा बदलला. पट्टी धरून रेघा ओढत विचार करण्यापेक्षा कधी कधी वर बसून बघावं.

पण माझा जीव होता तो 'वाऱ्याच्या वाटे'त. घराच्या मधोमध एक उंच पोकळ लाकडी पेटी, जमिनीपासून छपराच्याही वर. समुद्राकडच्या बाजूला तिच्या तोंडाशी एक उभी फट. वारा फटीतून खाली उतरेल, खोल्या गार करेल आणि मागच्या झडपांनी निघून जाईल. पंखा लागणार नाही. ही कल्पना सुचली त्या दिवशी ठकीचं दूध उतू गेलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही, यावरून तिची थोरवी कळावी.

मिस्त्रींनी आराखडा उलटसुलट करून पाहिला. मिस्त्री म्हणजे आमचे सुतार. माणूस धिप्पाड, मनाने लोणी, आणि कुठल्याही प्रश्नाला 'होऊन जाईल' हे उत्तर.

"ताई, हे मिलीमीटर बिलीमीटर नको. मी मुंगी नाही. बोटात सांगा."

मला गहिवरून आलं. एवढी वर्षं कचेरीत बसून आपण माणसांची मापं विसरलो, असं काहीसं उदात्त मनात आलं. मी त्या फटीवर माझं बोट ठेवलं, मिलीमीटर खोडले आणि ठळक अक्षरात लिहिलं, 'फट : एक बोट.'

मिस्त्रींनी अगदी लिहिल्याप्रमाणे केलं. एक बोट. त्यांचं.

माझं बोट पेन्सिलीसारखं आहे. मिस्त्रींचं बोट म्हणजे भरलेलं केळं. हा फरक माझ्या लक्षात यायला वारा यावा लागला.

दरम्यान भाऊजींनी भेट म्हणून सिमेंटची पोती पाठवली. "कुठेतरी लागेलच," अशी चिठ्ठी. कुठेच लागलं नाही. खाऱ्या दमट हवेत पोती जागच्या जागी दगड झाली. मिस्त्रींनी ती ढकलत नेऊन ओसरीसमोर एकावर एक मांडली. आजही घरात शिरायचं तर भाऊजींच्या सिमेंटवर पाय देऊनच शिरावं लागतं. नवरा म्हणाला, "दादाला सांगू नकोस, पायऱ्या म्हणून वापरतोय." मी म्हटलं, "सांगते. पायाभूत योगदान आहे."

घर उभं राहिलं. ठरलेला आठवडा सुरू झाला. सासूबाई एक पिशवी घेऊन आल्या. बाकीचं सामान मुद्दाम मागे ठेवलेलं. त्यांनी खोल्या पाहिल्या, फळ्यांवर टाच आपटून पाहिली, न्हाणीत एक खेकडा पाहिला. "हा इथलाच का?" "हो, येतो जातो." "बरं." एवढंच. परीक्षा घेणारी माणसं कमी बोलतात. मी दिवसभर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि घरातल्या प्रत्येक कुरकुरीला डोळ्यांनी दटावत होते.

दुपारी समुद्रावरून वारा उठला. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. ठकी आत फळ्यांच्या फटीतून खाली खेकडे बघत होती. सासूबाईंनी सवयीने हाक मारली, "ठके, ए ठके."

आणि घर म्हणालं, "ओ."

साधासुधा नव्हे. खोल, घुमणारा, पोटातून आलेला, जाडजूड पुरुषी "ओ...". बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर बाटली बोलते ना, तशी. फक्त ही बाटली दुमजली होती.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा मोबाइल आपणहून खाली ठेवला. तो पलंगाखाली बघून आला. मी मान वर करून वाऱ्याच्या वाटेकडे पाहिलं आणि सगळं लख्ख कळलं. दुसऱ्या झोताला घर पुन्हा म्हणालं, "ओ..."

सदर घर कोणत्याही प्रकारचा आवाज करणार नाही. सही. पंजा.

कप्तान धावत आले. धावत म्हणजे छाती पुढे काढून, सलाम ठोकत. "भोंगा कोणी लावला? उत्तम भोंगा आहे." मी म्हटलं भोंगा नाही, चूक आहे. "असू द्या. चुकीच्या मानाने सूर फार चांगला."

मिस्त्रींना फोन केला. ते आले, फटीत बोट घातलं, ते चपखल बसलं. "बघा की ताई. एक बोट. सूतभरही इकडे तिकडे नाही."

"मिस्त्री, ते माझं बोट होतं."

"बोट तुमचं की माझं, असं कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं नव्हतं. बरं, अशा वेळी माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतो. इथे तीही सोय नव्हती, भांडण बोटाचंच. शेवटी मिस्त्री म्हणाले, एक जाड पट्टी घडवून आणतो, ठोकली की फट निम्मी, आवाज बंद. कधी? होऊन जाईल. म्हणजे आठवडा संपेस्तोवर नाही, हे मला अनुभवाने कळलं.

तोवर सल्ले आले. नवऱ्याने फटीत उशी कोंबली, घर "ऊं..." करून विव्हळायला लागलं, जसं काही त्याचंच काही दुखतंय. टॉवेल कोंबला तर घोरायला लागलं. कप्तान म्हणाले, आता आत माणूस झोपलाय असं वाटतं, मघाचं बरं होतं. मी टॉवेल काढला. सासूबाई या सगळ्या काळात काहीही बोलल्या नाहीत. ते सगळ्यांत वाईट होतं. मला त्यांच्या गप्प बसण्यातून एकच ऐकू येत होतं. मोडा ते.

आणि मग तिसऱ्या की चौथ्या दुपारी बोट आली.

ही दुसरी बोट. खाडी ओलांडणारी, कप्तानांची जुनी. वारा जोरात होता, घर मन लावून ओ देत होतं. समोरून जाणाऱ्या बोटीने तो आवाज ऐकला आणि आपला भोंगा वाजवला. घराने ओ दिली. बोटीने पुन्हा भोंगा वाजवला. घराने पुन्हा. कप्तान ओसरीवर उभे राहून समजावत होते, "समुद्रावर कोणी साद घातली तर ओ द्यावीच लागते. नियम आहे." बोटीने नियम पाळला. तोंड वळवलं आणि सगळ्या प्रवाशांसकट आमच्या किनाऱ्याकडे यायला निघाली.

ते बोट चुकलं म्हणून ती बोट चुकली. मराठी भाषेने माझ्यावर इतका सूड याआधी कधी उगवला नव्हता.

उथळ पाण्याच्या कडेला बोट थांबली. वरून एक जण दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडला, "काय झालं? बुडतंय का कोणी?"

सासूबाई झाडाच्या खोडाला धरून उभ्या होत्या. त्या ओरडल्या, "नाही. सगळे बरे आहोत. तुम्ही कसे आहात?"

बोटीवर जरा चर्चा झाली. "बरे आहोत," असं उत्तर आलं. बायका हात हलवत होत्या. ठकीने हात हलवला. बोट परत वळली, मोठा भोंगा वाजवून. घराने निरोप दिला. सासूबाई खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं संतापाने. खांदे हलत होते.

उशीर झालेल्या प्रवाशांपैकी एकाने तक्रार केली. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी पाहणीला येत आहोत असा निरोप आला, आणि आले कोण, तर खिडकीमागचे साहेब. खिडकीबाहेर ते बरेच उंच होते. त्याच दिवशी निकाल ऐकायला भाऊजी आले. आणि ज्यांनी कधीच वेळेवर येऊ नये ते मिस्त्री त्या एका दिवशी वेळेवर, काखेत पट्टी घेऊन. कप्तान आलेच. ओसरीवर माणसं मावेनात, झाडानेही जागा अडवलेली.

हवा मात्र ठार पडलेली. पान हलत नव्हतं. साहेबांनी कान लावला. शांतता. "तक्रार भोंग्याची आहे. भोंगा कुठे आहे?"

"भोंगा नाहीच," मी म्हटलं. हे खरं होतं, आणि खरं बोलून इतकं खोटं कधी वाटलं नव्हतं.

भाऊजी पायरीवर उभे राहून खालच्या पोत्यांकडे बघत होते. "हे माझं सिमेंट का?"

"तुमचंच. घराचा एवढाच भाग अजिबात हलत नाही."

"मी सांगत होतो," ते म्हणाले, आणि जरा खूश झाले.

मी मिस्त्रींना हळूच खूण केली. शिडी लावा, पट्टी ठोका, हवा पडली आहे तोवर आटपा. मिस्त्री शिडीवर चढले. मी चहा ठेवायला आत वळले तेव्हा मला जाणवलं की झाडाच्या शेंड्याला हालचाल आहे. मानेवर गार झुळूक आली. आणि त्याच क्षणी ठकी, जिला मी आत पुस्तकं फाडायला बसवून आले होते, सगळ्यांच्या पायांमधून निघून, भाऊजींच्या सिमेंटवरून उतरून, एका खेकड्यामागे पाण्याच्या दिशेने चालायला लागलेली दिसली.

सासूबाईंनी पाहिलं. त्या ओरडल्या, "ठके. ए ठके."

वारा आला. घर म्हणालं, "ओ..."

ठकी थांबली. वळली. वर छपराकडे बघितलं, भुवया जवळ घेऊन, जसं आपली पाळी असताना दुसराच कोणी उत्तर देऊन गेला तर वर्गातल्या मुलाचा चेहरा होतो. मग तिने छाती भरून घेतली आणि आम्हा सगळ्यांच्या अंगावर सोडली.

"ओ."

जाड आवाजात. घराच्या सुरात. घरापेक्षा मोठ्याने.

 माझ्या हातात चहाचं आधण ठेवायचं भांडं तसंच होतं. सासूबाई वाळूत उतरल्या, चपला न घालता. त्यांनी पुन्हा हाक मारली, आता हळू, मोडेल की काय अशी. "ठके?"

"ओ," ठकी म्हणाली, आणि मग बहुधा हा खेळ बरा आहे असं वाटून, कोणी न मारलेल्या तीन-चार हाकांनाही आगाऊ ओ देऊन टाकली.

सासूबाईंनी तिला उचललं. ओसरीवर येऊन आधी वर बघून म्हणाल्या, "मिस्त्री, उतरा खाली."

"अहो पण पट्टी..."

"पट्टी राहू द्या. सात दिवस हाक मारतेय, सात दिवस ओ येतेय. कुठेही असा, एका हाकेत." त्यांनी पदराने ओसरीची कड पुसली. कड स्वच्छ होती. "आता हिलाही वळण लागलं. आणि तुम्ही निघालात घराचं तोंड बंद करायला."

म्हणजे आठवडाभर त्या गप्प होत्या त्या यासाठी. हाक मारायच्या, ओ ऐकायच्या, आणि कोणाला सांगायच्या नाहीत. मला एकदम दाढीचा फेस आठवला, आणि मी भांडं कुठेतरी ठेवलं.

साहेबांनी घसा साफ केला. "हा आवाज कोणाचा होता?"

"नातीचा," सासूबाई म्हणाल्या.

"तो ऐकला. त्याच्या आधीचा?"

सासूबाईंनी क्षणभर साहेबांकडे पाहिलं. "आमच्याकडे हाक मारली की ओ देतात. वळण आहे घराचं. तुमच्याकडे देत नाहीत का?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आमच्याकडे 'हं' म्हणतात." आणि कागद मांडीवर घेऊन त्यांनी लिहिलं, मोठ्याने वाचत, 'पाहणी केली. भोंगा आढळला नाही. घरातली मंडळी मोठ्याने ओ देतात. आक्षेप नाही.' खाली सही. ठकीचा पंजा या वेळी खेकड्यामागे धावल्याने ओल्या वाळूचा होता. तोही त्यांनी घेतला. "साक्षीदार जुनाच आहे," म्हणाले. चहा दोन कप प्यायले.

मिस्त्रींची पट्टी वाया गेली नाही. ती खोबणीत सरकती बसवली आहे. बोट समोरून जायच्या वेळी कप्तान येऊन ती बंद करतात, बोट गेली की उघडतात. या कामासाठी ते टोपी घालतात. बोट अजूनही आमच्यासमोर आली की सवयीने भोंगा वाजवते, आणि घराचं तोंड बंद असल्याने ओ ठकी देते. सासूबाईंचं बाकीचं सामान आलं. नवरा आता हाक मारली की 'ओ' म्हणतो. घराच्या आधी म्हणायचं अशी त्याची आणि घराची चुरस आहे, बहुतेक वेळा घर जिंकतं. भाऊजी मात्र हरल्यासारखे वाटत नाहीत. परवा सकाळी पाहिलं तर आपल्या पायऱ्यांवर एकटेच उभे होते, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून घेतली, आणि हळूच हाक मारली, "बाबा." वारा नव्हता. ते थांबले. मग सावकाश वारा आला.

माझी सही असलेला तो पहिला कागद अजून कचेरीत कुठेतरी असेल. घर निसर्गाला प्रतिसाद देईल हे वाक्य खोडायला मला कोणी सांगितलेलं नाही, आणि आता मी खोडणारही नाही.

थांबा. आतून हाक आली. "आई," अशी, दोन अक्षरी, स्पष्ट. उठली वाटतं. झाडाचा शेंडा हलतोय, म्हणजे वारा निघाला आहे. घराच्या आधी मला पोचायला हवं.